रक्त आधी, साखर नंतर

ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात घणवाल्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. दाराच्या चौकटीतून तिरकं होऊन आत यावं लागणाऱ्या माणसाला हे नाव शोभत नव्हतं, पण त्याच्या स्वभावाला शोभत होतं. आठ किलोचा घण दिवसातून हजार वेळा उचलणारा हा माणूस पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मात्र गुपचूप पलीकडच्या गल्लीत नेऊन सोडायचा. कुणी त्याच्या पुढ्यातला चहा उचलला तर हा दुसरा मागवायचा. त्याची बायको समोरच्याच बोळात ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटची कव्हरं शिवायची. अंगाने काडी आणि जिभेने तिखट, म्हणून तिचं नाव पडलं होतं सुई. घण आणि सुईचा संसार चालतो कसा, असं कुणी विचारलं की दुकानातली माणसं सांगायची, सोपं आहे, ती टोचते आणि तो सोसतो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, सहा वर्षांची मुलगी होती, आणि एवढ्या काळात घणवाल्याने बायकोवर हात उचलणं सोडाच, कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

म्हणून पहिला मार बसला तेव्हा सुईला तो मार वाटलाच नाही. सकाळची वेळ होती. बादली वाटेतून बाजूला घ्या, एवढंच ती म्हणाली. घणवाल्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता आणि नजर तिच्या कानाच्या मागे कुठेतरी लागली होती. मग त्याचा पंजा आला. ती भिंतीवर आदळून खाली बसली आणि तोंडात काहीतरी खडा लागला म्हणून थुंकली, तर तो तिचा दात होता. तोवर त्याने कपाटाचा आरसा मुठीने फोडला होता आणि फुटक्या आरशात पुन्हा पुन्हा मूठ घालत होता. हाताच्या चिंध्या झाल्या तरी थांबेना. शेवटी दमून जमिनीवर बसला आणि थरथरायला लागला. काय करावं ते न सुचून सुईने चुलीवरचा गोड चहा त्याच्या तोंडाला लावला. घाबरलेल्या माणसाला लावतात, तसा. पाव तासाने त्याने डोळे चोळले, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझ्या तोंडाला काय झालं गं? कुणी मारलं?"

मारणाराच असं विचारतो तेव्हा त्याला खोटारडा म्हणावं की वेडा, हे ठरवणं सोपं नसतं. सुईने आधी खोटारडा म्हटलं. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग पुन्हा तेच झालं, आणि नंतर दोन वर्षं होतच राहिलं. कधी वीस दिवसांनी, कधी चार दिवसांनी. आधी घाम, मग एकाच्या दोन वस्तू दिसणं, मग ती परकी नजर आणि मग हात. एकदा त्याने शिवणयंत्र उचलून तिच्या अंगावर टाकलं. ती सरकली म्हणून वाचली, यंत्र मात्र गेलं. दरवेळी ती कसाबसा त्याच्या घशात गोड चहा उतरवायची, दरवेळी तो शुद्धीवर यायचा, आणि दरवेळी तिच्या अंगावरचे वळ बघून पोरासारखा रडायचा.

बोळातल्या लोकांचा निकाल तयार होता. या दोन वर्षांत घणवाल्याची भूक वाढली होती. उशाशी पाव ठेवून झोपायचा, मध्येच उठून खायचा. अंग सुटलं होतं. लोक म्हणाले, खाऊन माजलाय, दुसरं काय. काहींनी तोंडाचा वास घेऊन पाहिला. दारूचा वास नाही म्हटल्यावर त्यांची निराशा झाली, मग ते म्हणाले, गोगलगाय न् पोटात पाय, असल्या गरीब माणसांचीच भीती असते. सुईचं डोकं सणकायचं. पण सुजलेल्या तोंडाने नवऱ्याची बाजू घेणाऱ्या बाईचं कोण ऐकतो?

तिने त्याला चार डॉक्टरांकडे नेलं. पहिल्याने रक्त तपासलं, साखरही तपासली आणि म्हणाला, घोड्यासारखी तब्येत आहे. दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन घणवाला सकाळी उशिरापर्यंत पडून राहायला लागला आणि उठला की आधीपेक्षा भयंकर उठायचा. तिसऱ्याने त्याला बाहेर बसवलं आणि सुईलाच विचारलं, तुम्ही त्याला काय काय बोलता? टाळी एका हाताने वाजत नाही, बाई. चौथ्याने मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. घरोघरी मातीच्या चुली, म्हणाला. ज्याला चटका बसत नाही त्याला असल्या म्हणी बरोबर वेळेवर सुचतात. सुई त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्याच कपाळात घालणार होती. नवऱ्याने तिचा हात धरून बाहेर आणलं.

आता दुकानातलं सांगायला हवं. पाटे ठोकायचं काम दोघांचं असतं. एकाने लालभडक पाटा सांडसात धरून ऐरणीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने त्यावर घण मारायचा. धरणाऱ्याचे हात घणापासून वीतभर अंतरावर असतात, म्हणून धरणारा आणि मारणारा यांच्यात भावाभावांइतका विश्वास लागतो. इथे धरणारा होता सुईचा थोरला भाऊ. त्यानेच घणवाल्याला कामाला लावलं होतं आणि पुढे बहीणही दिली होती. दुकानाचा जुना शिरस्ता असा, की भरल्या पोटी घण उचलायचा नाही, पोटात गोळा येतो. सकाळची भट्टी विझेपर्यंत नुसतं पाणी प्यायचं आणि दुपारी पोटभर जेवायचं. घणवालाही हा शिरस्ता पंधरा वर्षं पाळत होता.

त्या दिवशी भट्टीवर काम जास्त होतं आणि दुपार टळून गेली होती. भावाने पाटा धरला. घणवाला घाम पुसत होता, डोळे मिचकावत होता. दोन पाटे दिसतायत, असं काहीतरी पुटपुटला म्हणे. भाऊ म्हणाला, दाजी, मारा, लोखंड थंड होतंय. घण वर गेला आणि पाट्यावर न येता भावाच्या डाव्या हातावर आला. आधी हाड मोडल्याचा आवाज आला, किंकाळी नंतर. दोन बोटं ऐरणीवर चपटी झाली होती. आणि घणवाला थांबला नाही. त्याने दुसरा घाव भावाच्या डोक्याच्या दिशेने घातला, तो चुकून भिंतीत गेला. तिसरा पंख्यावर, चौथा कुणाच्या तरी खांद्यावर. सात जणांनी दोरखंड टाकून त्याला आडवा केला. आडवा झाल्यावर त्यांनी त्याला जीव जाईपर्यंत मारायचं तेवढं बाकी ठेवलं. पट्ट्याने मारलं, सळईने मारलं, बुटांनी तोंड फोडलं. तोवर त्याला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणून ते आणखी मारत होते. शेवटी सुई बोळातून धावत आली आणि चहाला वेळ मिळाला नाही तर म्हणून कमरेला बाळगलेली साखर तिने त्याच्या तोंडात कोंबली, तेव्हा तो शुद्धीवर आला.

इस्पितळात दोन बोटं काढून भाऊ परत आला तो पंच होऊन. पोलिसात देत नाही, बहिणीचा नवरा आहेस, म्हणाला, पण मस्ती उतरवतो. पोटाला चिमटा बसला की भल्याभल्यांची मस्ती उतरते. त्याने घणवाल्याला दुकानामागच्या लोखंडाच्या खोलीत कोंडलं, कडीला कुलूप घातलं आणि अन्नाचा कणही द्यायचा नाही असं बजावलं. सुईने पाय धरले. तो म्हणाला, पोरगी माझ्या घरी नेली आहे. तुला पोरगी हवी की हा, ते ठरव.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून दारावर डोकं आपटल्याचे आवाज यायला लागले. नंतर नुसती घरघर ऐकू आली. सुईने पहार घेतली आणि कुलूप तोडलं. आत घणवाला झटके देत पडला होता, तोंडातून रक्ताचा फेस येत होता. कमरेच्या पुरचुंडीतली साखर तिने बोटाने त्याच्या गालाच्या आत चोळली. त्याने ते बोट चावलं, मग हात झाडला, आणि ती लोखंडाच्या थप्पीवर तोंडावर पडली. भुवई हाडापर्यंत फाटली. एका डोळ्याने बघत ती साखर चोळतच राहिली. अर्ध्या तासाने तो उठून बसला आणि तिने त्याला त्याच्याच खांद्यावर हात टाकून मोठ्या इस्पितळात नेलं. कोण कुणाला नेत होतं ते रस्त्यातल्या लोकांना कळलं नसेल.

टाके घालायला एक म्हातारी डॉक्टरीण होती. बुटकी, खोकणारी, निवृत्तीला आलेली. घणवाला बाहेर बाकावर बसला होता. तिने विचारलं, कशाने लागलं? सुई म्हणाली, दार लागलं.

"हे दार सकाळी मारतं की संध्याकाळी?" डॉक्टरीण सुईत दोरा ओवत म्हणाली. "चौतीस वर्षं मी दाराने फोडलेल्या बायका शिवतेय. दारू पिणारी दारं संध्याकाळी मारतात."

सुईने उघड्या डोळ्याने दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमचं सकाळी मारतं."

डॉक्टरिणीचा हात थांबला. जेवणाआधी की नंतर, असं तिने विचारलं. हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. सुईला एकेक दिवस आठवत होता, कारण प्रत्येक दिवसाला तिच्या हातात कुठली तरी ताडपत्री होती. निळी शिवत होते तेव्हा सकाळी, आंघोळीआधी. सिमेंटच्या ट्रकची शिवत होते तेव्हा दुपारी, जेवण लांबलं होतं. ती सांगत गेली. अर्धा टाका भुवईत लोंबत होता आणि डॉक्टरीण ऐकत होती. मध्ये एकदा दाराशी कुणी आलं, त्याला तिने हाताने परत पाठवलं. सुईला रडू फुटलं. मार खाताना फुटलं नव्हतं.

मग शांत कशाने होतो, डॉक्टरिणीने विचारलं. गोड चहाने, नाही तर नुसत्या साखरेने. बिनसाखरेचा चहा चालतो का? सुई आठवायला लागली. एकदा घरातली साखर संपली होती, कोरा फिका चहा पाजला होता, त्या दिवशी त्याने किटली तिच्या पाठीवर फोडली होती आणि तासभर आवरला नव्हता.

"आणि डॉक्टरकडे न्यायच्या आधी चहा पाजायचात?"

"मग? तसाच कसा नेणार? डॉक्टरला मारलं असतं त्यांनी."

"मारू द्यायचं होतं," डॉक्टरीण म्हणाली. "चारही जणांना तुम्ही बरा झालेला माणूस दाखवलात. मग त्यांना काय दिसणार? अर्थात, विचारलं असतं तर कळलं असतं. त्यांनी विचारलं नाही."

ज्या साखरेने सुईने नवऱ्याला दोन वर्षं जगवलं, त्याच साखरेने त्याला खोटा पाडलं होतं.

डॉक्टरिणीने पुढचं सरळ सांगितलं. माझा संशय आहे की याच्या रक्तातली साखर एकाएकी पार खाली जाते, आणि साखर नसली की मेंदू माणसाचा राहत नाही. पण संशयावर पोट फाडता येत नाही. याला वॉर्डात उपाशी ठेवायचं आणि झटका माझ्यासमोर येऊ द्यायचा. झटक्यात रक्त काढायचं, आणि ते निघेपर्यंत साखरेचा कण द्यायचा नाही. रक्त आधी, साखर नंतर.

"ते तुम्हाला मारतील," सुई म्हणाली.

"मारेल. तुम्हालाही मारेल. धरायला माणसं आणा."

घणवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने एकच मागणं केलं, माझे हात बांधा, डॉक्टरीणबाई एवढ्याशा आहेत.

धरायला माणूस म्हणून सुईला एकच ठाऊक होता. ती भावाकडे गेली. तो हाताला पट्टी बांधून बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "येतो. पण तुझं हे नाटक फसलं की त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकायच्या कागदावर तू सही करायची आणि माझ्या घरी येऊन राहायचं. कबूल?" सुई कबूल म्हणाली. पोरगी आतल्या खोलीत होती, तिला भेटू दिलं नाही.

घणवाल्याने संध्याकाळी चार घास खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे त्याच्या खाटेभोवती बसले. वॉर्डातली दोन माणसं, भाऊ, सुई आणि डॉक्टरीण. डॉक्टरीण तासातासाला बोट टोचत होती. हात खाटेच्या दांडीला पट्ट्यांनी बांधले होते. सुईच्या मुठीत साखरेची पुरचुंडी होती. डॉक्टरिणीने ती मागितली तर तिने दिली नाही. जवळ असू दे, देणार नाही, म्हणाली. नऊ वाजता घणवाला गमती सांगत होता. दहाला त्याने सुईला विचारलं, तुझ्याशेजारी कोण बसलंय? तिच्याशेजारी कुणी नव्हतं. साडेदहाला त्याच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांतला माणूस निघून गेला.

उजव्या हाताची पट्टी त्याने तोडली नाही. खाटेची दांडीच उपटली, आणि त्याच हिसड्यात डाव्या हाताची पट्टीही निसटली. दांडीसकट हात फिरला आणि वॉर्डातल्या एका माणसाचं नाक फुटलं, रक्त थेट छतापर्यंत उडालं. दुसऱ्याच्या पोटात गुडघा बसला, तो लोळत बाजूला गेला. शेजारच्या खाटांवरचे आजारी सलाइनच्या नळ्या ओढत दाराकडे पळाले. डॉक्टरीण सिरिंज घेऊन पुढे झाली, तर घणवाल्याने तिला गळ्याला धरून भिंतीवर मारलं. चष्मा फुटला. काच तिच्या गालात घुसली. ती खाली बसली, पण सिरिंज सोडली नाही.

"साखर नाही," ती खालून ओरडली. "अजून नाही."

सुई मध्ये गेली. घणवाल्याचा हात तिच्या दंडावर पडला आणि त्याने तो पिळला. खांदा निखळल्याचं तिला कळलं. तिच्या तोंडासमोर त्याचं तोंड होतं, लाळ गळत होती, आणि तो दात खात होता. चिमूटभर साखर त्या तोंडात टाकली की संपलं, हे तिला पाठ होतं. तिची मूठ आपोआप वर जायला लागली. आपली मूठ आपल्या ताब्यात राहणार नाही हे तिने ओळखलं, आणि पुरचुंडी खिडकीबाहेर फेकून दिली.

मग भाऊ उठला. आतापर्यंत तो भिंतीला टेकून बघत होता. त्याने घणवाल्याचा डावा हात धरला, कोपर आपल्या मांडीवर टेकवून, मनगट उजव्या मुठीत आणि कोपराच्या खाली डाव्या हाताची उरलेली तीन बोटं. आयुष्यभर त्याने तापलेलं लोखंड धरलं होतं. धरलेलं हलू द्यायचं नाही, हे एकच काम त्याला येत होतं. घणवाल्याने त्याच्या खांद्याचा लचका तोडला, ठोसे मारून कान फोडला. पट्टीतून रक्त यायला लागलं. पण तो हात हलला नाही. डॉक्टरीण गुडघ्यांवर रांगत आली आणि शीर शोधून तिने रक्त ओढलं. एक नळी, दोन नळ्या, आणि एक थेंब यंत्राच्या पट्टीवर. मग त्याच सुईतून साखरेचं पाणी आत सोडलं.

"एकतीस," ती म्हणाली. गालातून रक्त वाहत होतं आणि ती हसत होती. "एकतीसला माणूस आपल्या आईला ओळखत नाही. हा एवढं लढला कसा?"

तिने श्वास घेत घेत सांगितलं की पोटामागच्या ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ असणार, तीच साखर जाळतेय. नळ्यांची तपासणी झाली की पक्कं होईल, गाठ सापडली की कापून काढता येते. त्याला उपास सोसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मग तिने भावाकडे बघून विचारलं, याला कधी जास्त वेळ उपाशी ठेवलं होतं का? एखादा पूर्ण दिवस ठेवला असता तर मेला असता.

भावाचा चेहरा पांढरा पडला होता. तो अजूनही तो हात तसाच धरून होता.

उत्तर सुईने दिलं. थोरल्या भावासमोर तिने कधी मान वर केली नव्हती. धड असलेल्या हाताने तिने त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा मारली. दात पडला तेव्हाची, किटलीची, कुलपाची, पोरीची, चार डॉक्टरांची, सगळी चीड त्या हातात आली होती. भाऊ चुकवत नव्हता. फाटलेल्या कानावर मार बसत होता तरी तोंड पुढे करून उभा होता, आणि वॉर्डात कुणाला तिला आवरायचं सुचत नव्हतं.

पाचवा की सहावा फटका मारायला तिने हात उचलला तेव्हा तो कुणीतरी मागून धरला. अगदी हलकेच, दोन बोटांनी. घणवाला खाटेवर उठून बसला होता. उपटलेली दांडी अजून त्याच्या मनगटाला लटकत होती. त्याने फुटलेल्या नाकाचा माणूस पाहिला नव्हता, डॉक्टरिणीचा गाल पाहिला नव्हता. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की बायको मेहुण्याला मारतेय.

"अगं, काय करतेस," तो म्हणाला. "असं मारू नये कुणाला."

सुईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच, त्याच्या मांडीवर डोकं टाकून, मोठ्याने रडायला लागली. भाऊ हाताची रक्ताळलेली पट्टी नीट करत म्हणाला, "दाजी, पोरीला घेऊन येतो मी," आणि जिन्याकडे निघाला.